टेक डायव्हिंगच्या कोर्सला बेटावर जाण्याआधी: मालवणच्या पाण्यात काय पक्कं करायचं, बेटावर काय शिकायचं

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात डायव्हिंग शिकलेले आणि तिथेच गाइड म्हणून काम करणारे अनेक जण पुढची पायरी म्हणून टेक्निकल डायव्हिंगच्या, म्हणजे साध्या मर्यादेपलीकडे खोल जाऊन थांबे घेत वर येण्याच्या, कोर्सला अंदमानला किंवा आणखी दूरच्या बेटावर जातात. खर्च मोठा असतो आणि दिवस मोजके. त्यातले पहिले तीन-चार दिवस पाण्यात आडवं राहणं, एका खोलीवर स्थिर थांबणं आणि पाठीमागचा व्हॉल्व्ह हाताला लागणं यातच जातात. मग खोल डाइव्ह कमी होतात, कोर्स अर्धवट राहतो, किंवा इन्स्ट्रक्टर घाईने प्रमाणपत्राचं कार्ड देतो. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात वाईट.

बेटावर फक्त दोनच गोष्टी नव्या असाव्यात: खोली आणि श्वासाचा वायू. बाकीचं सगळं आपल्या सहा मीटर गढूळ पाण्यात आधीच बसलेलं असायला हवं. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. हा लेख कोर्सची जागा घेत नाही. डिकम्प्रेशन (थोडक्यात डेको) डाइव्ह, म्हणजे शरीरात विरघळलेला वायू बाहेर पडावा म्हणून ठरावीक खोलीवर थांबत वर यावं लागतं अशी डाइव्ह, प्रशिक्षणाशिवाय करायची नसते, मग वाचन कितीही झालेलं असो.

## टप्पा १: पात्रता आणि लॉगबुक (निघण्याच्या चार महिने आधी)

पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या टेक ४० कोर्सला किमान वय १८ आणि ३० नोंदवलेल्या डाइव्ह लागतात. टीडीआय या दुसऱ्या संस्थेच्या डिकम्प्रेशन प्रोसीजर्स कोर्सला वय १८ आणि २५ डाइव्ह. दोन्हीकडे नायट्रॉक्सचं (हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाचं) कार्ड हातात असल्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही. टेक ४० ची मर्यादा ४० मीटर, डिकम्प्रेशन प्रोसीजर्सची ४५.

आकडा पूर्ण झाला म्हणजे तयारी झाली असं मात्र नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकाला धरून पाच-सहा मीटरवर मारलेल्या शेकडो फेऱ्या लॉगबुकात दिसायला भारदस्त दिसतात, पण टेक इन्स्ट्रक्टरच्या दृष्टीने त्यांचं वजन कमी. शिवाय त्या कामातून तीन सवयी लागतात आणि तिन्ही आड येतात: शरीर उभं ठेवणं, हाताने पाणी वल्हवणं, आणि दिवसभर वर-खाली करणं. पर्यटकाला सांभाळताना त्या गरजेच्या असतात, त्यात गाइडची चूक नाही. टेक डाइव्हमध्ये मात्र या तिन्ही मोडाव्या लागतात, आणि सवय मोडायला नवीन शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून चार महिने.

तपासणी: लॉगबुकात प्रत्येक डाइव्हची खोली, वेळ, वायू, सुरुवातीचा आणि शेवटचा दाब लिहिलेला आहे ना? नसेल तर आजपासून लिहा. आठवणीतून भरलेली पानं अनुभवी माणूस एका नजरेत ओळखतो.

## टप्पा २: इन्स्ट्रक्टरला विचारायचे प्रश्न आणि दिवसांची मांडणी

तिकीट काढण्याआधी लेखी उत्तरं मागवा:

- कोर्स ट्विनसेटवर (पाठीवर जोडलेले दोन सिलिंडर) की साइडमाउंटवर (दोन्ही बाजूंना एकेक)? सिलिंडर ॲल्युमिनियमचे की स्टीलचे, किती लिटरचे?
- व्हॉल्व्ह डिनचे (आट्यांच्या जोडणीचे) की योकचे (क्लॅम्पच्या जोडणीचे)?
- ५० टक्के नायट्रॉक्स बेटावर भरून मिळतो का? शुद्ध ऑक्सिजन मिळतो का?
- एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी?
- बोटीवर इमर्जन्सी ऑक्सिजन किती मिनिटांचा असतो? जवळचं रिकम्प्रेशन चेंबर (पुन्हा दाबाखाली ठेवून डायव्हरवर उपचार करायची बंद खोली) कुठे, आणि तिथवर पोचायला किती वेळ लागतो?

शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर दुसरा इन्स्ट्रक्टर शोधा.

ट्विनसेट की साइडमाउंट हा वाद इथे लांबवत नाही. तुमचा इन्स्ट्रक्टर स्वतः रोज जे वापरतो, त्यातच शिका. कोकणातल्या अरुंद फायबर बोटीवर पुढे सराव करायचा असेल तर साइडमाउंट सोयीचं पडतं, कारण सिलिंडर एकेक करून पाण्यात देता येतात आणि पाठीवर तीस किलोंहून जास्त ओझं घेऊन डुलत्या बोटीत उभं राहावं लागत नाही.

दिवस मोजताना कोर्सचे दिवस म्हणजेच मुक्काम असं धरू नका. कोर्स सहा दिवसांचा असेल तर मुक्काम दहाचा: पोचण्याचा एक, सामान लावून उथळ पाण्यात तपासण्याचा एक, कोर्सचे सहा, बिघडलेल्या हवेसाठी एक, आणि विमानाआधी कोरडा, म्हणजे डाइव्ह न करता काढायचा, एक. अंदमानात पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, स्वराज द्वीपला (जुनं हॅवलॉक) फेरीने जावं लागतं आणि समुद्र खवळला की फेरी रद्द होते. तो राखीव दिवस कापून स्वस्त तिकीट घेतलं की शेवटी कात्री विमानाआधीच्या कोरड्या दिवसालाच लागते.

हंगामही जुळवायला हवा. आपल्याकडे मे अखेर ते ऑगस्ट अखेर पाणी बंद असतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाचा गाळ अजून बसलेला नसतो. सराव नोव्हेंबर ते जानेवारी आणि प्रवास फेब्रुवारी-मार्चमध्ये, हे गणित सगळ्यात चांगलं बसतं.

## टप्पा ३: तब्येत आणि विमा

डायव्हर मेडिकलचा प्रश्नावलीचा फॉर्म आधीच मागवून घ्या. त्यातल्या काही प्रश्नांना 'हो' असेल तर डॉक्टरची सही लागते, आणि ती बेटावर ऐनवेळी मिळत नाही. दमा, फिट, हृदयाची तक्रार, छातीवरची शस्त्रक्रिया यातलं काही लपवू नका. साध्या डाइव्हमध्ये अडचण आली तर वर येता येतं. डेको चालू असताना वर येण्याची मुभा नसते.

विम्याच्या कागदात 'डिकम्प्रेशन डायव्हिंग' आणि '४० मीटरखाली' हे दोन मुद्दे शोधून वाचा. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग बहुधा वगळलेलंच असतं किंवा उथळ मर्यादेत असतं.

## टप्पा ४: सामानाची जुळणी

भाड्याने काय मिळतं यावर विसंबू नका. सिलिंडर आणि वजनं तिथे घ्या. खालच्या वस्तू मात्र स्वतःच्या असाव्यात आणि त्यांच्यावर सराव झालेला असावा:

- बॅकप्लेट (पाठीवरची धातूची पाटी), हार्नेस (पट्टे), विंग (तरंगण्यासाठी हवा भरायची पिशवी). प्लेट ॲल्युमिनियमची असली तर विमानात दीड-दोन किलो वाचतात.
- दोन रेग्युलेटर (सिलिंडरमधला वायू श्वासाला देणारं साधन) सेट, शक्यतो डिनचे, सोबत योक ॲडॉप्टर. तिसरा सेट ५० टक्के नायट्रॉक्सच्या (वर येताना थांब्यांवर घ्यायच्या वायूच्या) सिलिंडरसाठी, ऑक्सिजनसाठी साफ केलेला.
- २.१ मीटरची लांब होज. गळ्यातल्या रबरी फासात राहणारा दुसरा सेकंड स्टेज (रेग्युलेटरचा तोंडात धरायचा भाग) आखूड होजवर.
- दोन डाइव्ह कॉम्प्युटर, दोन्ही वायू बदलता येणारे.
- डीएसएमबी (पाण्याखालून वर सोडायचा खुणेचा फुगा) दोन, स्पूल (दोऱ्याची रीळ) दोन. एक किमान ४५ मीटर दोऱ्याचा, दुसरा ३० मीटरचा.
- कापायची साधनं दोन, दोन वेगळ्या हातांना लागतील अशा जागी.
- जादा मास्क, पाण्यात लिहायची वही, पेन्सिल.

बारीक वाटणारी, पण जीव वाचवणारी गोष्ट म्हणजे बोल्ट स्नॅपची (सामान अडकवायच्या स्प्रिंगच्या हुकाची) जोडणी. स्नॅप थेट धातूच्या कडीत किंवा सिलिंडरच्या पट्ट्याच्या रिंगेत अडकवून टाकू नका. मध्ये नायलॉन दोऱ्याचे दोन-तीन वेढे आणि पक्की गाठ हवी. स्नॅप गंजून किंवा वाळूने अडकला तर दोरा कापून सुटता येतं. धातूत धातू अडकला तर नाही. गाठीची टोकं लायटरने वितळवून चपटी करा, म्हणजे ती सुटत नाहीत. स्नॅप ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचेच घ्या. जिल्ह्याच्या बाजारात मिळणारे चकचकीत मुलामा दिलेले स्नॅप आपल्या खाऱ्या हवेत एका महिन्यात लाल होतात आणि त्यांची स्प्रिंग बसते.

खबरदारी, ऑक्सिजन: ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन ज्या रेग्युलेटरमधून, व्हॉल्व्हमधून किंवा सिलिंडरमधून जाणार, तो ऑक्सिजनसाठी साफ केलेला असावा. आत साधं सिलिकॉन ग्रीस, कॉम्प्रेसरच्या तेलाचा अंश किंवा धूळ असेल तर दाबाखालचा ऑक्सिजन पेट घेऊ शकतो. व्हॉल्व्ह नेहमी हळूच उघडायचा. गावाकडे वेल्डिंगचा किंवा दवाखान्याचा ऑक्सिजन आणून डाइव्हच्या सिलिंडरमध्ये 'सरावापुरता' भरण्याचा विचारही करू नका. घरच्या सरावाला स्टेज सिलिंडरमध्ये (बाजूला अडकवायच्या जादा सिलिंडरमध्ये) साधी हवाच भरा.

वजनाची तपासणी: वजन डाइव्हच्या शेवटासाठी ठरवायचं. दोन ॲल्युमिनियम ८० (प्रत्येकी ११.१ लिटरच्या) सिलिंडरमध्ये मिळून पाच किलोंहून जास्त वजनाची हवा असते. ती संपत आली की सिलिंडर वर तरंगायला बघतात. सुरुवातीला नीट खाली गेलेला माणूस शेवटच्या थांब्यावर वर ओढला जातो तो याचमुळे, आणि डेकोत तोच थांबा सगळ्यात महत्त्वाचा. सिलिंडर ४० बारवर असताना, विंग पूर्ण रिकामी करून, तीन मीटरवर स्थिर राहता येतं का ते बघा. येत नसेल तर वजन वाढवा. उलट, पातळ वेटसूटबरोबर जड स्टीलचा ट्विनसेट असेल तर विंग फाटल्यावर वर कसं येणार, हे इन्स्ट्रक्टरला आधी विचारा.

## टप्पा ५: घरच्या पाण्यातला सराव

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कोकणातलं पाणी या कामाला उत्तम आहे, कारण ते माफ करत नाही. पाच मीटरपुढचं दिसत नसताना जो स्थिर राहतो, त्याला अंदमानच्या निळ्या पाण्यात वेगळं काही करावं लागत नाही.

### दिवस आणि जागा निवडणं

उधाणाचे दिवस टाळा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी ओढतं आणि तळ ढवळतो. अष्टमीच्या आसपासचे भांगाचे (कमी भरती-ओहोटीचे) दिवस घ्या. सकाळी मतलई (जमिनीकडून येणारा) वारा असेपर्यंत पाण्यात उतरा. दुपारी खारा वारा सुटला की लाट वाढते. देवबागला कर्ली नदीच्या मुखाजवळ सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी सराव करू नका, खाडीचं गढूळ पाणी सरळ अंगावर येतं.

तळ वाळूचा निवडा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे प्रवाळावर गुडघा टेकून ड्रिल करणं म्हणजे दुहेरी नुकसान. खरं तर टेक सरावात गुडघा कुठेच टेकायचा नसतो. वाळूपासून एक मीटर वर तरंगतच प्रत्येक ड्रिल करा.

सोबत बडी (डाइव्हचा जोडीदार) आणि वर बोटीत जाणता तांडेल (बोट चालवणारा) हवाच. मासेमारीची जाळी आणि त्यांच्या बोयांच्या रांगा कुठे टाकल्या आहेत ते उतरण्याआधी त्याला विचारा. सुटलेलं नायलॉनचं जाळं गढूळ पाण्यात अंगाला लागेपर्यंत दिसत नाही.

### सरावाचा क्रम

हा क्रम बदलू नका. प्रत्येक पायरी आधीच्यावर उभी आहे.

1. आडवं आणि स्थिर. गुडघे काटकोनात, हात समोर, डोकं वर. सहा मीटरवर हात-पाय न हलवता दहा मिनिटं, अर्ध्या मीटरच्या आत. बडीने बाजूने व्हिडिओ काढावा. आपण आडवे आहोत असं प्रत्येकाला वाटतं. व्हिडिओत पाय लोंबलेले दिसतात.
2. फ्रॉग किक (बेडकासारखे पाय मारणं), मागे जाणं, जागेवर वळणं. वाळू उडाली तर पुन्हा. मागे जाता येत नाही तोवर पुढची पायरी नाही.
3. मास्क काढून एक मिनिट त्याच खोलीवर, मग बदली मास्क लावणं.
4. हवा देणं. लांब होज बडीला, गळ्यातला आपल्या तोंडात, आणि मग दोघांनी मिळून वर येणं. देताना होज सिलिंडरमागे किंवा पट्ट्याखाली अडकते का हे दर वेळी कळतं, म्हणून दर डाइव्हच्या सुरुवातीला एकदा करा.
5. व्हॉल्व्ह ड्रिल. उजवा बंद, मधला आयसोलेटर (दोन सिलिंडर एकमेकांपासून तोडणारा व्हॉल्व्ह), डावा, प्रत्येक वेळी उघडून, श्वास घेऊन, पुढे. हात पोचत नसेल तर बहुतेकदा खांदा आखडलेला नसतो. सिलिंडर फार खाली बांधलेले असतात किंवा क्रॉच स्ट्रॅप सैल असतो.
6. डीएसएमबी वर सोडणं, खोली अर्ध्या मीटरहून जास्त न बदलता.
7. स्टेज सिलिंडर काढणं, बडीकडे देणं, परत लावणं, आणि हवा भरलेल्या स्टेजवर वायू बदलण्याची पूर्ण कृती.
8. दोन कामं एकदम. डीएसएमबी सोडत असताना बडी 'हवा संपली' ची खूण करतो. इथे खोली सांभाळली गेली तरच तयारी झाली म्हणा.

नेहमीची चूक: कृती जमली की पुढे जाणं. कृती होत असताना खोली किती बदलली, तेच मोजायचं असतं. कॉम्प्युटरचा आलेख घरी बघा. सहा मीटरवरची रेघ करवतीच्या दातासारखी दिसत असेल तर परत पहिल्या पायरीवर या.

नेहमीची चूक: पर्यटकांच्या चार फेऱ्या मारून दमल्यावर संध्याकाळी सराव. दमलेलं शरीर जुन्या सवयी परत घट्ट करतं. सरावाचा दिवस वेगळा ठेवा.

## टप्पा ६: वायूचं गणित वहीत

कोर्समध्ये हे शिकवतात, पण तिथे पहिल्यांदा पाहिलं तर डोक्यावरून जातं. घरीच बसवा.

आपला श्वास मोजणं. १० मीटरवर दहा मिनिटं एकसारखं पोहा. समजा ११.१ लिटरच्या सिलिंडरमधले ३६ बार गेले. ३६ × ११.१ म्हणजे ४०० लिटर. दहा मिनिटांत ४००, मिनिटाला ४०. १० मीटरवर दाब २ बार, म्हणून पृष्ठभागावरचा आकडा मिनिटाला २० लिटर. तीन-चार वेगवेगळ्या दिवशी मोजा आणि सगळ्यात जास्त आलेला आकडा धरा. सरासरी धरू नका.

४० मीटरवर दाब ५ बार. तोच २० लिटरवाला तिथे मिनिटाला १०० लिटर ओढतो. २०० बारने भरलेल्या एका ॲल्युमिनियम ८० मध्ये सुमारे २,२०० लिटर असतात. बावीस मिनिटांत सिलिंडर शून्यावर. हा आकडा स्वतःच्या हाताने एकदा काढला की दुसरा सिलिंडर आणि राखीव हिशेब कशासाठी, ते वेगळं समजवावं लागत नाही.

राखीव वायू. प्रश्न असा: सगळ्यात खोल जागी, सगळ्यात वाईट क्षणी बडीची हवा गेली, तर दोघं २१ मीटरवरच्या पुढच्या वायूपर्यंत पोचू का? घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर ओढतो असं धरा, दोघांचे ६०.

- ४० मीटरवर गोंधळ सावरायला दोन मिनिटं: २ × ६० × ५ = ६०० लिटर
- ४० वरून २१ मीटरवर, मिनिटाला नऊ मीटर वेगाने, वायू बदलायच्या मिनिटासह तीन मिनिटं, सरासरी दाब ४ बार: ३ × ६० × ४ = ७२० लिटर
- एकूण १,३२० लिटर. ट्विनसेट २२ लिटरचा, म्हणून ६० बार.

म्हणजे गेज ६० वर येण्याआधी वर निघालेलं असायला हवं. ६० वर आल्यावर 'आता निघू' असं नव्हे. आणि ५० टक्क्यांचा सिलिंडर खाली पडला किंवा बिघडला, तर पाठीवरच्या वायूवर पूर्ण डेको होतो का, याचा वेगळा हिशेब करा. दोन्हींतला मोठा आकडा तो राखीव.

किती खोल चालेल. ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, तळाशी १.४ बार आणि डेको थांब्यावर १.६ बार, याच्या वर नाही. ३२ टक्के नायट्रॉक्स ३३ मीटरपर्यंत. २८ टक्के ४० मीटरपर्यंत. ५० टक्के २१ मीटरपर्यंत, शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरपर्यंत. अनेकांची सवय ३२ टक्क्यांची असते आणि तोच भरून ४० मीटरवर जातात. तिथे ऑक्सिजनचा दाब १.६ होतो आणि शरीर तर तळाशी कामात असतं. हाताला सवयीचा म्हणून कुठलाही वायू उचलू नका.

खबरदारी: ५० टक्क्यांचा रेग्युलेटर ४० मीटरवर तोंडात गेला तर ऑक्सिजनचा दाब २.५ बार. झटका (फिट) पूर्वसूचना न देता येऊ शकतो, आणि पाण्याखाली झटका म्हणजे बुडणं. टेक डायव्हिंगमधल्या या मृत्यूला साधन बिघडावं लागत नाही, एक हात चुकला की पुरतं.

कॉम्प्युटर: दोन्ही कॉम्प्युटरवर आणि बडीच्याही दोन्हींवर ग्रेडियंट फॅक्टर (थांबे किती सावधपणे घ्यायचे ते ठरवणारे दोन आकडे) सारखेच हवेत. एकाचं ३०/७० आणि दुसऱ्याचं ५०/८० असेल तर थांब्यांची खोली आणि वेळ जुळत नाही आणि पाण्यात वाद होतो. इन्स्ट्रक्टर सांगेल ते लावा, पण घरून निघण्याआधी ते बदलायचं कुठून हे शिकून ठेवा.

## टप्पा ७: बांधाबांध

देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलो चेक-इन मिळतं. टेकचं सामान त्यात मावत नाही. जादा वजन तिकिटाबरोबरच विकत घ्या, काउंटरवर महाग पडतं. रेग्युलेटर, कॉम्प्युटर आणि मास्क हातातल्या बॅगेत. चाकू, लाइन कटर आणि हत्यारं चेक-इनमध्ये. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातच, टोकांना टेप लावून. १०० वॉट-अवरपर्यंत अडचण येत नाही, त्याहून मोठीला विमान कंपनीची परवानगी लागते.

छोटी पिशवी वेगळी: ओ-रिंग, ॲलन की, पाना, जादा होज, माउथपीस, झिप टाय, फिनचा पट्टा, स्नॅपचा दोरा; लायटर मात्र तिथेच विकत घ्यायचा, हे लक्षात ठेवा. बेटावर ओ-रिंगसारखी दहा रुपयांची वस्तू नसल्यानेही दिवस वाया जातो.

## टप्पा ८: बेटावर

पहिल्या दिवशी खोल जायचं नाही. भाड्याच्या सिलिंडरवर वजन पुन्हा तपासा, सहा मीटरवर सगळी ड्रिल एकदा करा. नवीन सिलिंडर म्हणजे नवा तोल.

### सिलिंडर हातात आल्यावर

1. ॲनालायझर (ऑक्सिजनचे टक्के मोजायचं यंत्र) सिलिंडरमधल्या साध्या कोरड्या हवेवर २०.९ ला लावा. बाहेरच्या हवेवर नाही. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दमट हवेत ऑक्सिजन प्रत्यक्षात सव्वावीस टक्क्यांच्या आसपास असतो, त्यावर २०.९ लावलं की पुढचे सगळे आकडे चढे येतात.
2. तेवढ्याच प्रवाहावर आपला सिलिंडर मोजा. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.
3. स्वतः मोजा. भरणाऱ्याच्या, बडीच्या किंवा इन्स्ट्रक्टरच्या शब्दावर नको.
4. टेपवर टक्के, तारीख, सही. कमाल खोली मोठ्या ठळक आकड्यांत सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे बडीलाही दुरून वाचता येईल.
5. मोजल्यानंतर सिलिंडर पुन्हा भरला किंवा हलवाहलव झाली तर पुन्हा मोजा.

स्टेजचा रेग्युलेटर लावून दाब भरा आणि व्हॉल्व्ह बंद करून पाण्यात उतरा. दाब न भरता उतरलं तर पाणी आत शिरतं. उघडा ठेवला तर वायू कुठेतरी गळून जातो आणि कळतं ते २१ मीटरवर.

### वायू बदलताना

1. २१ मीटरवर थांबा. खोली स्थिर होईपर्यंत पुढचं काही नाही.
2. सिलिंडरवरचा आकडा वाचा, कॉम्प्युटरवरची खोली वाचा, दोन्ही बडीला दाखवा.
3. व्हॉल्व्ह उघडा.
4. त्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हपासून रेग्युलेटरपर्यंत होजवर बोट फिरवत या.
5. बडी त्याच होजकडे बघून 'ठीक' म्हणतो, मगच तोंडात.
6. श्वास घेताना त्या सिलिंडरचं गेज बघा. काटा हलला तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही.
7. शेवटी कॉम्प्युटरवर वायू बदला. आधी नाही, कारण आधी बदलून वायू तसाच राहिला तर कॉम्प्युटर खोटा कमी डेको दाखवतो.

मग बडीची पाळी. दोघांनी एकदम बदलायचं नाही, एकाची नजर दुसऱ्यावर हवी.

नेहमीची चूक: चौथी पायरी गाळणं. हातात आलेला रेग्युलेटर आपल्याच सिलिंडरचा असेल असं गृहीत धरलं जातं. एकच स्टेज असताना ते खपतं, दोन असताना नाही. सवय एकावर असतानाच लावा.

शेवटच्या सहा मीटरच्या थांब्यावरून वर यायला दोन मिनिटं घ्या. थांबा संपला की माणसं सैल होऊन सरळ वर येतात, आणि प्रमाणाने पाहिलं तर दाबातला सगळ्यात मोठा फरक याच सहा मीटरात आहे. बोटीवर चढताना सिलिंडर आधी पाण्यातूनच वर द्या. डेको डाइव्हनंतर लगेच जड ओझं उचलून शिडी चढणं टाळा.

रोज रात्री पाणी भरपूर प्या, दारू नको. कान गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करा. सांधा दुखणं, त्वचेवर चट्टे, हातापायाला मुंग्या, न जाणारा थकवा यातलं काही दिसलं तर ऑक्सिजन घ्या आणि लगेच सांगा. 'सामान उचलून दुखत असेल' म्हणून रात्र काढणं ही नेहमीची आणि महागात पडणारी चूक आहे.

## टप्पा ९: परतीचा क्रम, आणि घाट

डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे अनेक दिवसांच्या साध्या डाइव्हनंतर विमानाआधी किमान १८ तास, आणि डेको डाइव्हनंतर त्याहून बरेच जास्त. व्यवहारात पूर्ण २४ तास ही खालची मर्यादा धरा. कोर्सचा शेवट सलग खोल डाइव्हनी झाला असेल तर त्याहून जास्त. शेवटचा कोरडा दिवस सामान धुण्यात आणि सुकवण्यात घालवा.

घरी आल्यावर नवं कार्ड घेऊन आपल्या किनाऱ्यावर डाइव्ह चालू होतील, आणि तेव्हा घाट आठवला पाहिजे. विमानाची ती शिफारस ६०० मीटरहून जास्त उंचीसाठी आहे. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, कोल्हापूर शहर सुमारे ५७० वर, बेळगाव त्याहून वर. सकाळी मालवणला डाइव्ह आणि दुपारी गाडीने घाट चढून घरी, हा क्रम कित्येकांच्या अंगवळणी पडलेला आहे. उथळ, एकाच फेरीनंतर तो बहुधा निभावून जातो. वारंवार डाइव्ह झाल्या असतील तर १८ तास, डेको झाला असेल तर पूर्ण दिवस किनाऱ्यावरच काढा आणि सोबत आलेल्या घाटावरच्या बडीलाही थांबवून घ्या. घाटात त्रास सुरू झाला तर थांबून न राहता खाली परता, ऑक्सिजन द्या, आणि चेंबर असलेल्या दवाखान्याला रस्त्यातूनच फोन करा. तो नंबर निघण्याआधीच मोबाइलमध्ये आणि गाडीतल्या कागदावर लिहिलेला असावा, कारण घाटात रेंज नसते आणि फोन दुसऱ्या कुणाला करावा लागू शकतो.